लागला की पडला

६ जानेवारी

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राची वाट बघून मी थकले. म्हटलं, तुझ्याच एखाद्या लिफ्टमध्ये अडकलं असणार. लिफ्टा बसवता, दिवसभर खाली-वर करता, आणि बहिणीला चार ओळी खरडायच्या म्हटलं की हात वर होत नाही. खूप रागावले होते. मग पाकिटावर तुझं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर पाहिलं आणि राग उतरला.

इकडचं म्हणशील तर बाबांना महिनाभर ताप येत-जात होता. आता उतार लागला आहे. काल डॉक्टर येऊन गेले. दुपारी बाबा खिडकीशी बसतात आणि रस्त्यावरून बस गेली की नुसत्या आवाजावरून सांगतात, कोण मेला क्लच जाळतोय. ड्रायव्हरकी सुटली, पण जीभ अजून ड्युटीवर आहे. जेवण बेताचंच. अंगठी बोटातून निसटायला लागली म्हणून कपाटात ठेवली आहे. जिना मात्र नको म्हणतात.

रजेचं काय ठरवलंस? साहेबांशी बोलून बघ. पत्र टाकण्याआधी वाचून दाखवायचं ही बाबांची अट तुला माहीतच आहे, त्यामुळे हेही ते ऐकतायत. म्हणतात, पोराला घाईला लावू नकोस; उतारावर घाई करणारा ड्रायव्हर त्यांनी म्हातारा झालेला पाहिला नाही.

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, त्याला अधूनमधून पत्राचं तेलपाणी करत जा.

तुझी,
ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि जीव भांड्यात पडला. बाबांना उतार पडला, आता आणखी काय हवं! मी इथे उगाच मनात नाही नाही ते आणत होतो. बाबा, ऐकताय ना? क्लच जाळणाऱ्यांना माझ्याही वतीनं दोन शिव्या हासडा.

रजेचं बोलणारच होतो, पण इथे नव्या इस्पितळात दोन लिफ्टा बसवायच्या आहेत. पैकी एक दर वेळी दुसऱ्या मजल्यावर थांबून रुसते. साहेब म्हणाले, हे काम हातावेगळं कर आणि मग हवी तेवढी रजा घे. आता बाबांना बरं वाटतंयच, तर धावपळ करून दोन दिवस येण्यापेक्षा एप्रिलमध्ये निवांत येतो. बाबांसाठी मोठ्या आवाजाचा रेडिओ हेरून ठेवला आहे. शेजारी तक्रार करतील, करू देत.

तू जागरणं करू नकोस. बाबांना नमस्कार. लोभ असाच राहू दे, रागावलीस तरी चालेल.

तुझा,
बाळू

२१ जानेवारी

चि. बाळूस,
आशीर्वाद.

हे पत्र शाळेतून लिहिते आहे, शिक्षकांच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला बसून. बाबांना वाचून न दाखवलेलं हे माझं पहिलं पत्र. चोरी केल्यासारखं वाटतंय.

बाळू, बाबांना बरं नाही. डॉक्टरांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं की हृदय पार थकलंय, आता हे उतरतच जाणार. उन्हाळा निघेल असं काही त्यांना सांगवेना.

उतार हा शब्द मी फार विचार करून घातला होता. बाबांना खोटं वाचून दाखवायचं नव्हतं आणि खरं तोंडातून निघालं नसतं. म्हटलं, त्यांना तो तापाचा उतार वाटेल आणि तुला बरोबर कळेल. आपल्या घरात उतार म्हटलं की रस्त्याचाच. जेवताना, झोपताना तेच ऐकत वाढलो ना आपण? ड्रायव्हरच्या पोराला एवढं कळणार नाही, असं मनातसुद्धा आलं नाही.

कसली शहाणी मी! याच आठवड्यात सहावीच्या मुलांना 'उतरणे' या शब्दाचा वाक्यात उपयोग करायला सांगितला. पोरांनी धडाधड लिहिलं: भाव उतरला, रंग उतरला, पाहुणे उतरले. एका मुलीनं लिहिलं, बाईंचा चेहरा उतरला. मी तिला बरोबरची खूण केली आणि तोंड धुवायला बाहेर गेले.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा बाबा हसले. म्हणाले, एप्रिल चांगला, तोवर पोराचं कामही उरकेल. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून मागितलं आणि एप्रिलचं पान उघडून मांडीवर घेऊन बसले. दुपारभर. दूध तसंच गार झालं. ते पान उलटवायचा मला धीर होईना.

हे सगळं माझ्यामुळे झालं. एक सरळ वाक्य लिहिलं असतं तर तू आज इथे असतास. हवं ते बोल मला, पण ये.

तुझी,
ताई

२६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू काही चुकलेली नाहीस. तुझं आधीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. तापाला उतार पडतो. लागतो तो रस्त्याला. तू स्वच्छ 'लागला' लिहिलं होतंस. मी 'पडला' वाचलं आणि तसंच उलट टपाली लिहून मोकळाही झालो.

आणि खरं सांगू? पहिल्यांदा वाचतानाच मी 'लागला'पाशी अडखळलो होतो. अंगठीपाशीही. पण साहेब डोक्यावर बसले होते, ती लिफ्ट हटून बसली होती, आणि मला जो सोयीचा तो अर्थ मी उचलला. कॅलेंडर मांडीवर घेऊन बसलेले बाबा डोळ्यांपुढून हलत नाहीत. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

या वेळी रजा मागितली नाही, जातोय म्हणून सांगितलं. शुक्रवारी निघतो. बाबांना सांग, काम उरकलं. नको, काहीच सांगू नकोस. खोटं पुरे झालं.

तुझा,
बाळू

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेपर तपासायला तुला जबरदस्तीनं परगावी पाठवलं तेव्हा वाटलं होतं, आठवडाभर तरी तुला नीट झोप मिळेल. घर मी सांभाळतोय. दूध दोनदा उतू गेलं, हे शेजारच्या काकूंनी सांगायच्या आत मीच सांगतो. रेडिओ जोरात चालू आहे. तक्रार अजून नाही, नुसत्या खिडक्या आपटतात.

तू गेल्यापासून मनात एकच सलतंय. इतकी वर्षं तू हे सगळं एकटीनं केलंस आणि मी तिकडून पत्रातून विनोद करत होतो. आईबापांचं उतराई होता येत नाही म्हणतात. बहिणीचं तरी कुठे होता येतं?

आता मुख्य गोष्ट. अटीप्रमाणे हेही पत्र बाबांना वाचून दाखवतोय. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून मी आधी लिहिलं होतं, की बाबांना आता उतार पडतो आहे. तेवढं वाचलं आणि बाबांनी हात वर केला, बसला हात करतात तसा. म्हणाले, ते खोड आणि लागला लिही.

मी ती ओळ खोडली. मग म्हणाले, की जानेवारीत तू वाचत होतीस तेव्हा त्या शब्दाआधी क्षणभर थांबलीस, तेव्हाच त्यांना कळलं होतं. गाडी उताराला लागली की आधी ड्रायव्हरला कळतं, उतारूंना मग. पण तू एवढा शोधून शब्द आणला होतास, तो वाया कसा घालवायचा, म्हणून बोलले नाहीत.

मी माझ्या त्या पत्राचं विचारलं, एप्रिलचं. हसता हसता खोकला आला त्यांना. म्हणाले, हॉर्न ऐकू येऊनही बाजूला न होणारे रस्त्यावर पुष्कळ भेटतात. हा निदान झाला तरी. ताई, मी त्यांच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडलो. त्यांनी रडू दिलं. मग पाठीवर थाप मारून म्हणाले, चढाला जो गिअर तोच उताराला लागतो. तुमची आई होती तोवर चढ तिच्या सोबतीनं चढलो, उताराला तुम्ही दोघं हवीत.

तेव्हा आता सरळ लिहितो. बाबांना उतार लागला आहे. काल रात्रीपासून पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही, आवाजही खोल गेलाय. हे पत्र त्यांच्या जुन्या गाडीवरच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. पेपर कुणाच्याही गळ्यात मार आणि त्याच बसनं परत ये. भेटीत बोलूच, लोभाचं काय लिहायचं.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि शेवटी एक ओळ घालायला लावली: ताईला म्हणावं, या वेळी घाई कर.

तुझा,
बाळू