ड्रायव्हरकडचं दार

१२ जानेवारी
गास्पारेच्या गॅरेजात गेलो. त्याने बॉनेट उघडलं, कान लावला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, ओरेस्ते, पंप दमलाय. मग मला, जन्मभर कारखान्यात मशीनची देखभाल केलेल्या माणसाला, समजावत बसला. ही गाडी आपली आपण गिअर टाकते ते तेलाच्या दाबावर, दाब देतो हा पंप, आणि ड्रायव्हरकडचं दार उघडलं रे उघडलं की हा बिचारा दाब भरायला धावतो. दार जितकं कमी उघडशील तितका जास्त जगेल. नवा आता मिळत नाही.

काही हरकत नाही. आठ जूनला लग्नाचा वाढदिवस. फियोरेंझाला घेऊन नोलीला, समुद्रावर. दोन वर्षं राहून गेलंय, यंदा नाही राहणार. तोवर पंप जगवायचा. जगवणारच.

संकल्प : ड्रायव्हरकडचं दार उघडणं बंद. सिग्नलला न्यूट्रल.

१३ जानेवारी
शेजारच्या दाराने चढलो. गिअरचा दांडा लागू नये तिथे लागला. विजार उसवली. उतरताना समोर चर्चच्या पायरीवर फादर एउसेबियो. म्हणाले, दार बिघडलंय का? म्हटलं, छे, दार उत्तम आहे. मान हलवत आत गेले. प्रार्थनेत माझं नाव घेतलं असणार.

२ फेब्रुवारी
पंपाला खरा धोका घरातूनच आहे. फियोरेंझा! अंगणात गाडी दिसली की हिला ड्रायव्हरकडचं दार उघडायचंच असतं. पूर्वी तीच चालवायची, मान्य. पण आता कशाला? दार उघडते, पंप घूं करतो, आणि ही टाळी वाजवून म्हणते, जागी झाली बघ! मग, ओरेस्ते, निघायचं ना नोलीला? म्हटलं, जूनमध्ये. बरं म्हणाली. दार लावलं. मी घरात जाऊन कॉफी ठेवतो तोवर पुन्हा घूं. पुन्हा, निघायचं ना?

मुद्दाम करते. माझी कुठलीच व्यवस्था हिला कधी मानवली नाही.

१९ फेब्रुवारी
लोरेदानाचा फोन. मुलगी माझी, पण आईची वकील. म्हणाली, पप्पा, आई फोनवर तीच तीच गोष्ट सांगते, डॉक्टरला दाखव. म्हटलं, पहिल्यापासून बडबडीच आहे ती. म्हणाली, मग नोलीला तरी आत्ताच घेऊन जा, जून कशाला? थंडीत तेल घट्ट होतं, पंपावर भार येतो, हे हिला कोण सांगणार? मी सांगितलं. सविस्तर. म्हणाली, पंप राहू दे रे पप्पा, आई...

लाइन खराब होती. ठेवून दिला.

६ मार्च
पंपाचं तेल बदललं. जुनं काळंकुट्ट, नवं नितळ. आवाज काय गोड येतोय! खुशीत घरी आलो तर रिसोट्टोच्या भातात साखर. फियोरेंझा म्हणाली, मी कशाला घालू? तूच घातलीस. वाद नको म्हणून ताट साफ केलं. तीही माझ्याकडे बघत बघत जेवली.

२१ मार्च
लोरेदाना हटूनच बसली, म्हणून डॉक्टर. त्याने फियोरेंझाला विचारलं, कुठला महिना चालू आहे? म्हणाली, जून. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. अहो, दिवसभर मी घरात जून जून करतो, बाई दुसरं काय सांगणार? त्याने आजाराचं नाव घेतलं. म्हणाला, हे मागे फिरत नाही, पुढेच जातं. तिला जे आवडतं ते आत्ता करा.

लोरेदाना जिन्यात रडली. फियोरेंझा तिचीच समजूत घालत होती, कोण बोललं गं तुला? पण रडण्यासारखं काय आहे? जूनमध्ये नेतोच आहे ना.

११ एप्रिल
निर्णय घेतला. गाडी कायम लॉक, किल्ली माझ्या खिशात. फियोरेंझा आली, हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. म्हणाली, झोपलीय का? म्हटलं, हो, झोपू दे तिला. बराच वेळ काचेवर हात टेकून उभी होती. मी खिशात हात घातला. किल्ली हातात घेतलीसुद्धा. पण एकदा सवलत दिली की शिस्त गेली. परत खिशात टाकली.

१४ मे
यश! फियोरेंझा गाडीकडे फिरकत नाही. अंगणातच येत नाही. गास्पारेने पंप तपासला आणि पाठीवर थाप मारली. म्हणाला, हा आता तुझ्याआधी मरत नाही, म्हाताऱ्या. घरी येऊन फियोरेंझाला सांगितलं. ती हसली, पाहुण्यांकडे बघून हसतात तशी.

तिने मला नावाने हाक मारून बरेच दिवस झाले. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. नोलीची हवा लागली की मारेल.

८ जून, सकाळ
आकाश मोकळं. डब्यात ऑम्लेट, पाव, पीच. तिचा निळा स्कार्फ इस्त्री करून घेतला. पंप तयार. मी तयार.

८ जून, संध्याकाळ
ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीतून उठलीच नाही. वाटाणे सोलत होती. नोली म्हटलं, तर म्हणाली, तिथे आपलं कोण आहे? स्कार्फ बांधायला गेलो तर घाबरली.

मग सुचलं. खिडकी सताड उघडली, अंगणात गेलो, लॉक काढलं आणि ड्रायव्हरकडचं दार उघडलं. घूं. म्हटलं, हा आवाज ऐकून येईल. तिने मान वर नाही केली. लावलं, पुन्हा उघडलं. घूं. वाटाणे. पुन्हा. शेवटी मीच ओरडलो, फियोरेंझा, जागी झाली बघ! टाळीही वाजवली. शेजारीण बाल्कनीत आली, समोरचे आले. ही नाही आली. मी उघडत राहिलो. किती वेळ, कोण जाणे.

घूं बारीक होत गेलं. मग एकदा दार उघडलं तर काहीच आवाज नाही. डबा तसाच मागच्या सीटवर राहिला.

९ जून
गाडी ओढून नेली. गास्पारेने पंप काढून हातात घेतला, वास घेतला. म्हणाला, जळून गेला रे. मे महिन्यात ठणठणीत होता! एका दिवसात एवढ्या वेळा दार उघडलं तरी कोणी?

म्हटलं, दुसरं कोण? फियोरेंझाने. दिवसभर माझ्या मागे लागली होती, निघायचं ना, निघायचं ना म्हणून.