वायरिंगवाली

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय राजकुमार,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, पण त्यावर जाऊ नकोस. मी चिडलेली आहे. तुझे फोन मुद्दाम उचलले नाहीत, कारण फोनवर तू हसून विषय बदलतोस आणि मग मीही हसते. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

परवा तुझ्या पीएचडीच्या व्हायवाला, त्या तोंडी परीक्षेला, मी मागच्या बाकावर होते. बिडकीनहून तुझी आई, काका, सगळे आले होते. तू बोलत होतास आणि घाम मला फुटला होता. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “उष्णतेच्या एवढ्या गोंधळातून चुंबकत्वाचा हा बारीक सिग्नल वेगळा कसा काढलात? करंट उलटा करायचं कसं सुचलं?” तू क्षणभरही थांबला नाहीस. म्हणालास, “सर, ते मला सुरुवातीपासूनच स्पष्ट होतं. वायरिंगचं काम आमच्या इलेक्ट्रिकलच्या विशाखानं बघितलं.”

वायरिंग! तू मला काय पंखा बसवायला बोलावलं होतंस?

तू फिजिक्सचा, मी इलेक्ट्रिकलची. गाइड सरांनी आपल्याला एका टेबलावर बसवलं, कारण तुझी चुंबकीय फिल्म आणि माझा ॲम्प्लिफायर एकमेकांशिवाय कुचकामी होते. फिल्म गार करायला वाळूजहून द्रव नायट्रोजनचा कॅन आपण रिक्षातून आणायचो, तेव्हा रिक्षावाला घाबरून विचारायचा, “मॅडम, ये धुवाँ कायकू निकल रा?” तू त्याला सगळं फिजिक्स समजावत बसायचास. तेव्हाच आवडायला लागलास मला.

एका हिवाळ्यात तुला आलेखात एक उंचवटा दिसला. शोध लागला म्हणून तू पेढे आणायला निघालास. मी म्हटलं, “थांब. तारांच्या सांध्यांवरच्या तापमानातल्या फरकाचा व्होल्टेज असेल हा. करंट उलटा कर. खरा सिग्नल असेल तर तोही उलटेल. उष्णतेचा असेल तर तसाच राहील.” तू भडकलास, “तुला फिजिक्समधलं काय कळतं?” मी करंट उलटा केला. उंचवटा जागचा हलला नाही. तू माझा हात धरून म्हणालास, हे छापून गेलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. उष्णता वजा करून जे उरलं ते इवलंसं होतं, पण खरं होतं. त्यावरच तू परवा डॉक्टर झालास.

व्हायवानंतर कँटीनमध्ये मी विचारलं, खरं का नाही सांगितलंस, तर म्हणालास, “लई ताणू नको गं. सगळं सांगत बसलो असतो तर माझं काम काय राहिलं असतं?” म्हणजे गडबडीत विसरला नव्हतास. विचार करून गाळलं होतंस मला. आता माझा प्रबंध राहिलाय. इलेक्ट्रिकलवाले म्हणतात, हे तर फिजिक्स. फिजिक्सवाले आता तुझाच शब्द वापरतील, वायरिंग. दोन्हीकडच्या मधल्या त्या जागेत आपण दोघं होतो, म्हणून मला कधी भीती वाटली नाही. आता तिथं मी एकटी आहे.

काल तुझी आई, मालनमावशी, आमच्याकडे आली होती. साडी-नारळ घेऊन, साखरपुड्याचं ठरवायला. माझी आई हरखून गेली. मालनमावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, “पोरी, आमच्या राजूला तू लई मदत केली म्हणं. आता जन्मभर कर.” त्यांचा काय दोष? तू सांगितलंस तेच त्या बोलल्या. मी चहा दिला, साडी घेतली नाही. “राजकुमारशी बोलून सांगते,” एवढंच म्हटलं. तर हे माझं बोलणं. मला हे लग्न करायचं नाही. मावशींना ते मी सांगणार नाही. तू सांगायचंस. आणि त्यांनी कारण विचारलं, तर या वेळी पूर्ण उत्तर द्यायचंस.

कालपर्यंत तुझीच असलेली,
विशाखा