उसवलेली वाकळ

आत्या, तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली, आणि आष्ट्यात अजून कुणाच्या घरी वाकळ शिवायला काढली की मी तिथं बसत नाही. शेजारणींना वाटतं मला सुईचा कंटाळा आहे. असू दे.

लग्नानंतरची पहिली दिवाळी तोंडावर आलेली. थंडीत तुमचे गुडघे धरायचे, म्हणून पाडव्याला सासूला स्वतःच्या हातानं शिवलेली वाकळ द्यायची असं मी ठरवलं. वडूजला माझ्या आईनं मला एवढीच एक कला दिली होती. माळ्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं सापडलं. दोन परकर, पिवळ्या फुलांचं झंपर, शाळेची निळी ओढणी. तुमच्या लेकाला विचारलं, तर पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जुनंच हाय की. घे." महिनाभर, तुम्ही दुपारी मळ्यात गेलात की मी दार लोटून धावदोरा घालत होते. बोटांना भोकं पडली, पण टाका एकही वाकडा नव्हता.

पाडव्याला सकाळी मी ती तुमच्या मांडीवर ठेवते. तुम्ही हसत हसत घडी उलगडता आणि पिवळ्या फुलांवर तुमचा हात थांबतो.

"कात्री कुनी लावली ह्याला?"

"मीच की, आत्या," मी म्हणते. कौतुकाची वाट बघत.

या घरात एक मुलगी होती, पंधराव्या वर्षी तापानं गेली, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर तिचा फोटोसुद्धा नव्हता. तुम्ही तेव्हाही सांगितलं नाहीत. एवढंच म्हणालात, "उसव. आत्ता. माझ्या म्होरं."

दोन दिवस मी उंबऱ्यापाशी बसून ब्लेडनं एकेक टाका काढला. सुटलेले तुकडे तुम्ही जमिनीवर एकमेकांना लावून बघत होता, परकर पुन्हा होतो का म्हणून. होत नव्हता. मामंजी एकदा म्हणाले, "आगं, पोरीला काय म्हाईत?" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "आता म्हाईत झालं न्हवं?" तुमचे लेक बाहेर जाऊन गाडी धूत बसले.

पुढं अकरा वर्षं आल्यागेल्याला माझी ओळख तुम्ही तशीच करून दिलीत. "ही सून. हिनं माझ्या लेकीचं तुकडं केलं." माझ्या मुलीला बारशाच्या दिवशीही तुम्ही हातात घेतलं नाहीत. मी उलटून बोलले नाही. मनात साठवत गेले.

मग सांगलीचा दवाखाना. दुपारची वेळ, खोलीत आपण दोघीच, मी चमच्यानं पाणी पाजतेय. तुम्ही डोळे उघडलेत, माझा गाल चाचपलात आणि तुमच्या गेलेल्या लेकीच्या नावानं हाक मारलीत. "आलीस व्हय गं? किती उशीर केलास." एवढ्या वर्षांत तुमचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

मी म्हणाले, "मी ती न्हवं. ती मेली, आत्या. तिच्या कापडाचं तुकडं केलेली मी."

तुम्ही हात काढून घेतलात, भिंतीकडं तोंड केलंत. माझ्या हातचं पाणी पुन्हा घेतलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं.

घरी सगळ्यांनी विचारलं, शेवटचं काय बोलल्या? मी सांगितलं, मला लेक समजून हाक मारली. मामंजी ओक्साबोक्शी रडले. तेव्हापासून या घरात माझा शब्द कुणी खाली पडू देत नाही. जाऊ म्हणते, "नशीबवान हायस बाई, शेवटाला लेक झालीस." मी मान हलवते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. दवाखान्यातलं ते बोलणं तोंडातून निसटलं नव्हतं. मी चमचा खाली ठेवला, पदरानं तुमची हनुवटी पुसली, आणि मग ठरवून बोलले.