किमयाच्या हळदीचा बेंजो

१४ एप्रिल
ठरलं म्हणजे ठरलं. किमयाच्या हळदीला डीजे नाय. बेंजो! तोही बापाच्या हातचा. एकुलती एक पोर रोह्याला नांदायला जाणार, आणि तिच्या मांडवात कोणीतरी भाड्याचा माणूस बटणं दाबणार? मी कंपनीत लागायच्या आधी कासूपासून नागोठण्यापर्यंत आमच्या बेंजो पार्टीशिवाय हळद लागत नव्हती. गाणारा कोणी नसायचा. नुसत्या तारा वाजायच्या आणि अख्खं आवार नाचायचं. हल्लीच्या धाडधाडीत सूर असतो का कुठे? किमयाला डीजे कॅन्सल करायला सांगितलं. बरं म्हणाली. गुणाची पोर.

१५ एप्रिल
माळ्यावरून बेंजो काढला. आत कुंभारमाशीने घर केलंय. तारांवरच्या पट्ट्यांतली एक दाबली की वर येत नाही. किरकोळ काम. उद्यापासून पहाटे पाचला रियाज.

१६ एप्रिल, सकाळी साडेनऊ
पाचला उठलो होतो. अंधार होता, म्हणून परत झोपलो.

१९ एप्रिल
तारांसाठी पेणला गेलो. दुकानदार म्हणाला, गिटारच्या चालतील का? अडाणी! शेवटी रोह्याला मिळाल्या. तिथेच व्याह्यांकडे चहा घेतला आणि हळदीला मी स्वतः वाजवणार हे सांगून टाकलं. ते बराच वेळ हसत होते. खूश झाले असणार.

२३ एप्रिल
रियाज सुरू. बोटं पूर्वीसारखीच चपळ आहेत, पट्ट्याच फार जवळजवळ आल्यात. नूतन स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, सूर जुळवून झाले की हाक मारा, मग ऐकायला येते. मी तासभर गाणं वाजवत होतो. बायकोला कान नाही, त्याला इलाज नाही.

२८ एप्रिल
आमच्या पार्टीतला जुना ढोलकीवाला जगन तयार झाला. खांदा धरलाय, पण एका हाताने वाजवीन म्हणतो. ऑक्टोपॅड वाजवणारा कान्हू हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. तो म्हणाला, मूर्तींचे डोळे आखायचेत, हात हलला तर मालक हाकलंल, माझा नाद सोड. गेला उडत! दोघांत भागतं. उलट बेंजो मोकळा ऐकू येईल.

४ मे
जगनशी वाजलं. आमची रीत अशी की हळदीत पहिलं वाजवणं देवाचं. ते संपेपर्यंत कोणी नाचत नाही, हात जोडून उभे राहतात. मी म्हटलं, या खेपेला देवाचं नको. एकदम नाचायचंच उचलू, मांडव उडाला पाहिजे. जगन म्हणाला, देवाला वगळतोस, बरं नाय. आता, देवाच्या गाण्यात ती अडकणारी पट्टी सारखी येते हे खरं आहे. पण ते कारण नाही.

१० मे, सकाळ
काल हळद झाली. एकदम नाचायचंच उचललं. किमया पाटावर, हळदीने पिवळीधमक. कोणी नाचेना. सगळे हात जोडून उभे. कलेचा एवढा मान! मला चेव आला. दुसरं उचललं, त्याहून जोरात. माझ्या बायजाआत्याने पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटले. तिसऱ्याला व्याह्यांनी चपला काढल्या. ते संपलं तशी आत्याने जगनला विचारलं, देवाचं झालं का रं? आता नाचाचं लाव, पोरं खोळंबलीत.
जगन माझ्याकडे बघेना.
किमयाने मानेने खूण केली, आणि शेजारच्या आवारातल्या टेम्पोवरची ताडपत्री निघाली. डीजे! सकाळपासून उभा होता म्हणे. पोरीने कॅन्सल केलाच नव्हता. नूतनला माहीत होतं. व्याह्यांनाही माहीत होतं. मग काय, मांडव उडाला.
दोष व्होल्टेजचा, बेंजोच्या अँप्लिफायरला करंटच पुरत नव्हता. मी रागावून कोपऱ्यात बसलो. नंतर थोडा नाचलो.

११ मे
काल लग्न लागलं, पोर गेली. घर खायला उठलंय. निघताना गळ्यात पडून रडली. म्हणाली, बाबा, हळदीला तुम्ही वाजवलंत ते मी जन्मात विसरणार नाही. माझाही बांध फुटला. तरी विचारलंच, सगळ्यात जास्त कुठलं आवडलं गो?
डोळे पुसत म्हणाली, ते देवाचं.