डावा खांदा

मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६. संध्याकाळचे सहा चाळीस. वकीलबाईंचा फॉर्म भरतोय, चहा निवलाय.

गेल्या हिवाळ्यात नर्सिंग होममध्ये आम्हा सफाईवाल्यांना फ्लूचं इंजेक्शन दिलं. सुई दंडात हवी होती, ती गेली वर, खांद्याच्या हाडाशी. उजवा हात अजून कानापर्यंत जात नाही. भरपाई हवी तर या खांद्यामुळे काय काय करता आलं नाही, ते सगळं इंग्रजीत लिहायचं आहे.

शर्ट घालणं, भांग पाडणं, पडदे काढणं. मग फेब्रुवारी. साताऱ्याला अण्णा गेले. मडकं दादाने धरलं. मी तिरडीला हात घातला तेव्हा काका म्हणाले, "राहू दे रे, तुझा खांदा दुखतोय ना." मी मागे सरलो. वडिलांना खांदा दिला नाही.

तिरडीला इंग्रजी शब्द डिक्शनरीत शोधला. बिअर, बी-आय-ई-आर. स्पेलिंग दोनदा तपासून ओळ लिहिली.

सुनील, माझा रूममेट, मागून डोकावला. "बिअर उचलता आली नाही? त्याचेपण पैसे मिळतात? मलाही आण की एक फॉर्म!"

मी अर्थ सांगितला. तो ओशाळला. "सॉरी रे." मग थांबून, अगदी साधेपणाने, "पण डाव्या खांद्यावर का नाही घेतलंस?"

डावा खांदा. तो तर धडधाकट होता. मला सुचलं कसं नाही? की सुचलं होतं, आणि काकांनी नको म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटलं?

स्पेलिंग बरोबर होतं. तरी ती ओळ खोडली.