दवाखान्यातला द्वारपाल

तीर्थरूप मावशीस,

वाकून नमस्कार. (तुझे गुडघे दुखतात, म्हणून तुझ्या वाटचंही मीच वाकते.) शेजारणीशी बोलणं सुरू झालं का? झालं नसेल तर चूक तिचीच.

मी खुशाल, म्हणजे नोकरी अजून आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धमंदिर आहे. त्याच्या दारात दोन द्वारपाल उभे आहेत, डोळे वटारून, मुठी आवळून. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं घट्ट मिटलेलं. त्यांनी मला असं झपाटलं की वर्षभर मी दुसरं कसलं चित्र काढलंच नाही. बाबांचं म्हणणं, असली तोंडं भिंतीवर कोण लावणार? शेवटी ठरलं, या चित्रांना एकही भिंत मिळाली नाही, तर मी मुकाट्याने त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं.

आमचे दातांचे डॉक्टर भिडस्त. (त्यांच्याकडे नंबर लावायचं काम मी करते, तू ते नातेवाइकांत 'असिस्टंट' म्हणून सांगतेस.) त्या भिडेचा फायदा घेऊन मी उघड्या तोंडाचा द्वारपाल बाकासमोर, दाराशेजारी टांगला. पहिल्याच सकाळी एक आजोबा त्याला बघून दुखरी दाढ तशीच घेऊन घरी गेले. डॉक्टरांनी हळूच विचारलं, याला काही दिवस माळ्यावर विश्रांती दिली तर चालेल का.

मी स्टुलावर चढून चित्र उतरवत होते. बाकावर एक मुलगी आईला बिलगून बसली होती. मागच्या खेपेला ती तोंड न उघडताच परत गेली होती. तिने विचारलं, "हा कुणावर ओरडतोय?"

मी म्हटलं, "आपल्यावर नाही. आपल्याला त्रास द्यायला जो येईल, त्याच्यावर."

ती विचारात पडली. मग आपणहून खुर्चीत जाऊन बसली, मुठी आवळल्या, डोळे वटारले आणि असा जबडा वासला की डॉक्टरच मागे सरले. किडका दात निघाला. रडले ती मी, स्टुलावर, चित्र छातीशी धरून. (तिची आई मला धीर देत होती.)

चित्र परत भिंतीवर गेलं. आता डॉक्टरांना दाराच्या दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदारही हवाय. बाबा काल 'सहज' येऊन गेले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, वाकडं लागलंय म्हणाले आणि दुकानातून चांगला खिळा आणून स्वतः ठोकला.

तुझी भाची

ता. क. जाताना बाबा एवढंच म्हणाले, "मेहुणीचा चेहरा हुबेहूब जमलाय." रागावू नकोस. दार राखायचं म्हटल्यावर मला दुसरं कुणी सुचलंच नाही.

आणखी एक. मिटल्या तोंडासाठी काकांना रविवारी घेऊन येशील? त्यांनी नुसतं बसायचंय. पण तू हवीसच. तू समोर नसलीस की त्यांचं तोंड तितकं घट्ट मिटत नाही.