गोल ठिपका कुणीही काढतं

३ मार्च, सोमवार
साहेबांनी आज बोलावून घेतलं. आमच्या आइस्क्रीमच्या कारखान्यात सहा कोल्डरूम. प्रत्येकीचं तापमान दर तासाला कॉम्प्युटरमध्ये जमा होतं, पण बघतो कोण? मेस्त्री तासातासाला दार उघडून आत डोकावतात आणि निम्मी थंडी बाहेर सोडतात. तर मी कोड लिहून चार्ट करायचा. पुढच्या सोमवारपासून तो कोल्डरूमबाहेरच्या स्क्रीनवर. जमलं तर डेटा विभाग माझ्याकडे, शिवाय जिन्याजवळची रिकामी केबिन! लगेच बायकोला फोन केला. ‘जमलं तर’ एवढे शब्द गाळले.

४ मार्च
वीस मिनिटांत चार्ट तयार. सहा रेषा, त्यांवर गोल ठिपके. समोरच्या टेबलावरची सरळरेषा (हे नाव मी ठेवलंय, तिच्या चार्टमध्ये दुसरं काही नसतंच) मागून डोकावून म्हणाली, झालं की, लावून टाका. लावून टाका म्हणे! गोल ठिपका कुणीही काढतं. केबिनमध्ये बसणाऱ्याने काढू नये.

५ मार्च
दिवसभर मार्कर, म्हणजे ठिपक्याच्या जागी उमटणारी खूण. एक नंबरच्या खोलीला त्रिकोण, दोनला चौकोन, तीनला चांदणी, पाचला फुली, सहाला पत्त्यांतली चौकट. चार नंबरमध्ये व्हॅनिला असतं, म्हणून तिला खास माझ्या हातचा मार्कर: आइस्क्रीमचा कोन. एकेक बिंदू मोजून काढला. अकराला बसलो तो पाचला उठलो. पण काय दिसतोय!
निश्चय: उद्यापासून मार्करला हात लावायचा नाही.

६ मार्च
कोनाची गुलाबी किनार एकवरून दीड केली. जाड वाटली. सव्वा केली. जेवून आल्यावर परत एक. साहेबांनी कुठवर आलंय विचारलं. पायाभूत काम चालू आहे म्हणालो.

७ मार्च
एक अडचण. कोन मोठे, त्यामुळे एकमेकांच्या अंगावर चढतात. लहान केले तर ते कोन आहेत हे कळत नाही. म्हणजे दोष कोनांचा नाही, आकड्यांचा. फार आहेत. तोडगा काढला: दर सहावा ठिपकाच दाखवायचा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. कोडमध्ये एक शब्द, की काम फत्ते. रेषाही काढून टाकली, ती कोनांच्या गळ्यातून जात होती. चार्ट कसा मोकळा झाला!
सरळरेषेने विचारलं, मधल्या पाच तासांचं काय? मी म्हणालो, तापमान काय उड्या मारतं का? ती म्हणाली, मारलीच तर? जळतात लोक.

८ मार्च, शनिवार
घरी लॅपटॉपवर बायकोला दाखवला. म्हणाली, गोड आहे, पण बिघाड झाला तर यात कळणार कसा? तिला समजावलं की सगळं सुरळीत असताना बघायचा चार्ट आहे हा. ती भाजी चिरायला निघून गेली. या घरात माझी कदर नाही.

१० मार्च, सोमवार, सकाळी ९.३०
चार्ट लागला! सगळे जमले होते. मेस्त्रींना बजावलं, आता दार उघडायचं नाही, फक्त इकडे बघायचं. त्यांनी विचारलं, चार नंबर कुठला? कोन दाखवला. म्हणाले, छान काढलाय हो. साहेबांनी पाठ थोपटली. येताना केबिन वितीने मोजून आलो. टेबल खिडकीकडे बसेल.

दुपारी १२.१०
बाराचा कोन उमटला. उणे अठरा. अगदी आपल्या जागी.

संध्याकाळी ६.०५
चार नंबरचा सहाचा कोन पार वर, चार्टच्या बाहेर गेलाय. नुसतं टोक दिसतंय. उद्या वर थोडी जागा वाढवायला हवी. मेस्त्री एवढे धावत कुठे गेले कळलं नाही.

११ मार्च
चार नंबरची मोटर काल साडेबारालाच बंद पडली होती. व्हॅनिलाचे चारशे डबे, सगळ्याचं पातळ दूध. साहेबांनी विचारलं, एक ते पाचचे आकडे कॉम्प्युटरकडे होते का? होते म्हणालो. मग स्क्रीनवर का नव्हते? मी म्हणालो, गर्दी होत होती.
चूक मोटरची आहे. चार्ट निर्दोष आहे.
मेस्त्री बादल्या भरून ओतत होते. त्यांना म्हणालो, तुम्ही एकदा तरी दार उघडायचं. ते म्हणाले, तुम्हीच नको म्हणालात ना. रागावून नाही, सहज म्हणाले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१३ मार्च
डेटा विभाग सरळरेषेला. केबिनही.
तिचा चार्ट स्क्रीनवर लागलाय. साहेबांनी तिला सोमवारचेच आकडे त्यात घालून दाखवायला सांगितलं होतं. दोष काढायचे म्हणून मुद्दाम गेलो. सहा रेषा, काळे गोल ठिपके, तासाला एक. एकचा ठिपका वर, दोनचा त्याच्याही वर. चष्मा टेबलावर राहिला होता, तरी मला लांबूनच कळलं.
तिने विचारलं, काही सुचवायचंय का? नाही म्हणालो.
घरी आल्यावर बायकोला हे सगळं सांगितलं. काहीच सुचवलं नाहीस? म्हणाली, आणि कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही म्हणाली.